भैरवीनंतरची गवळण

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदारपणा शिकवायला येणार नाही. सध्या माझा डूख दोघांवर आहे. एक आमच्या गावच्या भजनाचे बुवा आणि दुसरं माझ्या मोबाईलमधलं गाण्याचं ॲप. बुवांना मी मनात एकेरीच बोलते, पण लिहिताना मान देते, कारण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हाला तसंच वाढवलंय.

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. भाताची शेतं, एक देऊळ आणि देवळात दर एकादशीला भजन. भजन म्हणजे वाटेल ते गाणं नव्हे. त्याला क्रम असतो. आधी नमन, मग रूपाचे अभंग, मग बाकीचे अभंग, शेवटाकडं गवळण आणि सगळ्यात शेवटी भैरवी. भैरवी झाली की झालं. त्यानंतर एक ओळसुद्धा गायची नाही, टाळ खाली ठेवायचा आणि उठायचं. कितीही मोठा गवई येऊ दे, भैरवीनंतर त्याच्यासाठी कुणी बसत नाही.

आमच्या आप्पांचा आवाज गवळणीचा. गोकुळातल्या बायकांचं गाऱ्हाणं ते असं सांगायचे की एकेका ओळीला आवाज बदलायचा. कधी सासुरवाशीण, कधी भांडखोर म्हातारी. लहानपणी मी पाहिलंय, आप्पांनी गवळण धरली की देवळासमोरच्या घरांतल्या बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येऊन बसायच्या. अभंगाला कुणी यायचं नाही, आणि अभंग बुवांचे असायचे. बुवांच्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं असणार.

मग बुवांनी एक युक्ती काढली. आप्पांची पाळी आली की ते बाहेर अंधाराकडं बघायचे, "लई येळ झाला रं, सकाळी मळणी हाय लोकांची," म्हणायचे आणि पेटीवाल्याला खूण करून सरळ भैरवीच उचलायचे. संपलं. आप्पांच्या घशात आलेली गवळण घशातच राहायची. कधी मळणी, कधी पाऊस, कधी कुणाच्या घरी आजारी माणूस. वर्षानुवर्षं हेच. भांडायचं तर कशावरून भांडणार? भैरवी म्हणजे देवाचंच नाव, तिला कोण अडवणार?

आप्पा घरी येऊन पाय धुवायचे आणि गुमान जेवायला बसायचे. आई धुमसायची. "मूग गिळून का बसताय? म्हणायचं न्हाय तोंडावर?" आप्पा म्हणायचे, "देवाच्या दारात कसला मान न् कसला अपमान." आई गेली तरी ते हेच म्हणत राहिले. मला वाटायचं, आप्पा संत आहेत. आणि संताच्या पोटी माझ्यासारखी कशी निपजली, असंही वाटायचं.

माझा धाकटा भाऊ बेंगळुरात नोकरीला असतो. एका दिवाळीत तो रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला आणि देवळाची दारं बंद करून त्यानं अख्खं भजन रेकॉर्ड केलं. बुवांना त्यानं गोड बोलून सांगितलं, "काका, नमनापासून भैरवीपर्यंत सगळं पाहिजे, गवळणीसकट. अर्धं भजन जगाला कसं ऐकवायचं?" जगाला म्हटल्यावर बुवा विरघळले. आप्पांना गवळण गायला मिळाली. पण आप्पांनी सूर लावायच्या आधीच बुवा तंबाखूची चंची घेऊन बाहेर गेले आणि भैरवीलाच परत आले. भावानं ते सगळं एकेक करून, क्रमानं, ॲपवर टाकलं. आता जगाला ऐकता येत होतं. फक्त गावानं ऐकलं नव्हतं आणि बुवांनी ऐकलं नव्हतं.

यंदा आप्पांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, आवाज गेला. बोलतात, पण शब्द ओढून आणावा लागतो. गाणं संपलं. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला न सांगताही कळलं. आणि मी ठरवलं, आप्पा आहेत तोवर त्यांची गवळण अख्ख्या गावासमोर, बुवांना समोर बसवून, शेवटच्या शब्दापर्यंत वाजली पाहिजे. आप्पांनी ती अंथरुणावरून ऐकली पाहिजे. याला कुणी श्रद्धा म्हणावं, कुणी सूड म्हणावं. मी सूडच म्हणत होते.

बेळगावात माझ्या घरी भाऊ आला होता तेव्हा त्याच्या मोबाईलवर मी सगळं तपासून घेतलं. नमन लागलं, अभंग लागले, गवळण लागली, भैरवी लागली. अगदी क्रमानं. मग मी तेच ॲप माझ्या मोबाईलवर घेतलं, एक स्पीकर आणला आणि गावात निरोप धाडला की रविवारी दुपारी आमच्या घरी या, तुमचेच आवाज ऐकायला. स्वतःचा आवाज ऐकायला कोण येत नाही? बुवा तर सगळ्यात आधी आले, इस्त्रीचा सदरा घालून. मी बेळगावचा कुंदा नेला होता, चिरमुऱ्यांचा चिवडा केला होता. घराचा पुढचा सोपा गच्च भरला. बायका पायऱ्यांवर बसल्या. आप्पा आत माजघरात कॉटवर. दार उघडं ठेवलं होतं, पण त्यांची मान वळत नसल्यामुळं त्यांना फक्त ऐकू येत होतं.

मी मोबाईल काढला आणि भजनाचं पान उघडलं. साधं वाजवायचं बटणच नव्हतं. होते ते एकमेकांना आडवे जाणारे दोन बाण. दाबले.

पहिल्या आलापालाच मी ओळखलं. भैरवी. बुवांची.

नंतर भावानं फोनवर सांगितलं, "ताई, ज्यांनी पैसे भरलेत त्यांनाच क्रमानं ऐकता येतं. फुकटवाल्यांना ते शफल करून देतात." शफल म्हणे! पत्ते पिसतात तसं माझ्या बापाचं भजन पिसून दिलं. आमच्या सीमाभागात पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली यावरून माणसं पिढ्यान् पिढ्या भांडली, मोर्चे काढले, डोकी फोडून घेतली. आधी काय आणि नंतर काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आणि हे कुठलं तरी ॲप कुठल्या तरी थंडगार ऑफिसात बसून ठरवणार की क्रमाला काही अर्थ नसतो! मी म्हणते, हे ज्यानं बनवलं त्याच्या लग्नात आधी वरात घरी पाठवावी, मग पंगत उठवावी आणि शेवटी नवरानवरीला अक्षता टाकाव्यात. जेवताना त्याला आधी ताक वाढावं आणि हात धुतल्यावर पोळी. तो बारशाला आला की त्याच्या हातावर तेराव्याचा लाडू ठेवावा. एवढं केलं तरी माझा राग निम्माच उतरेल.

तर भैरवी सुरू झाली. मी पुढं जायचं बटण दाबलं, ते दबेना. पुढं सरकण्याची मुभाही मोजकीच असते, आणि सकाळी बसमध्ये कसलीतरी भलतीच गाणी टाळता टाळता मी ती संपवून बसले होते. तिथल्या तिथं पैसे भरावेत म्हटलं तर आमच्या गावात रेंजची एक काडी, तिच्यावर गाणं कसंबसं वाजतं, पैसे भरायचं पान उघडत नाही. बंद करावं तर लोकांनी हात जोडलेले. भैरवी मध्येच तोडणारी बाई म्हणून गावानं मला जन्मभर ओळखलं असतं. ती पूर्ण वाजली.

संपली तसे बुवा उठले. "चला. भैरवी झाली."

"काका, थांबा," मी म्हटलं. "चुकून लागलंय. अजून सगळंच राहिलंय."

"चुकून व्हय?" बुवा चपला शोधत म्हणाले. "भैरवी ती भैरवी. मशीनला बी कळतंय बघ गं, कवा आटपायचं ते."

लोक हसले. मला त्या क्षणी तो स्पीकर उचलून बुवांच्या टाळक्यात घालावासा वाटला. माझ्याच घरात, माझ्याच मोबाईलनं, बुवांच्याच आवाजात आप्पांची पाळी पुन्हा एकदा खाल्ली होती. तेही मी स्वतः बोलावून, कुंदा खाऊ घालून. लोक उठत होते, पदर सावरत होते, चिवड्याची ताटली हळूच रिकामी करत होते. मध्येच ॲपनं कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात लावली, एक बाई किंचाळून डाग दाखवत होती. मी बंद करायला हात पुढं केला.

आणि आप्पांची गवळण लागली.

ॲपला काय कळतंय भैरवी म्हणजे काय! त्याच्या दृष्टीनं हे नुसतं पुढचं गाणं. पण सोप्यातली माणसं होती तिथं थबकली. कारण आमच्याकडं दुसराही एक नियम आहे. देवाचं गाणं चालू असताना पाठ फिरवून जायचं नाही. ते सुरू व्हायच्या आधी उठा, नाहीतर संपेपर्यंत थांबा. आणि हा नियम ज्यानं मोडला त्याला भर देवळात झापायचं काम आजवर बुवांनीच केलं होतं. आता भैरवी झाली म्हणून बुवांना बसता येईना, आणि गवळण चालू म्हणून जाता येईना. एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर, हात चौकटीला. तसेच उभे राहिले.

आतून आप्पांचा ओढलेला आवाज आला. "बंद कर गं. भैरवी झालीया."

सगळ्यांनी ऐकलं. बुवांनी माझ्याकडं आशेनं बघितलं. जन्मभर मी आप्पांचा शब्द मोडला नव्हता. लग्नसुद्धा त्यांनी ठरवलेल्या घरी केलं.

मी आवाज वाढवला.

पायऱ्यांवरच्या बायका एकेक करून परत खाली बसल्या. त्यांना भैरवीचं सोयरसुतक नव्हतं, त्यांना ही गवळण किती वर्षांनी मिळत होती. भांडखोर म्हातारीच्या ओळीवर आप्पांचा आवाज असा काही चिरका झाला की एकीनं तोंडाला पदर लावला. पेटीवाले काका भिंतीला टेकून मांडीवर बोटं चालवत होते. आणि मी? मी गवळण ऐकलीच नाही, खरं सांगते. मी बुवांकडं बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी वजन या पायावरून त्या पायावर घेतलं, मग पुन्हा या पायावर. आप्पा एकेक कडवं सावकाश फिरवून फिरवून म्हणत होते आणि मला प्रत्येक फेरीला वाटत होतं, अजून एकदा, आप्पा, अजून एकदा. इतकं समाधान मला कुठल्या देवळात मिळालेलं नाही.

गवळण संपली. पाठोपाठ कुणाचं तरी ढणढण गाणं सुरू झालं, ते मी बंद केलं. बुवा दुसरी चप्पल पायात सरकवून निघून गेले. बाकीचे आप्पांना दारातूनच नमस्कार करून गेले. एक म्हातारी जाताना म्हणाली, "भैरवीनं न्हाय, गवळणीनं उठवलंस बघ आज समद्यांस्नी." आप्पांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

घर रिकामं झाल्यावर मी आत गेले. शिव्या खायची तयारी होती. आप्पा आढ्याकडं बघत पडले होते.

"बंद कर म्हटलं हुतं न्हवं तुला?"

"हो."

मी पांघरूण सारखं केलं. मग त्यांनी एकेक शब्द जुळवत विचारलं, "बसला हुता का त्यो?"

मी चमकले. आप्पांच्या तोंडून बुवांना 'त्यो' मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बसले नव्हते. उभे होते. शेवटपर्यंत."

"उभा?"

"एक पाय चपलेत. चौकट धरून."

आप्पांचा डावा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडतायत, मी वाकून बघितलं. ते हसत होते. वाकड्या तोंडानं, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गुडघं दुखतंय त्येचं," ते म्हणाले. "लई दुखतंय." आणि पुन्हा हसायला लागले. म्हणजे इतकी वर्षं देवाच्या दारात कसला मान न् कसला अपमान म्हणणाऱ्या या माणसानं सगळं आत जपून ठेवलं होतं, माझ्याहून नीट.

"परत लाव," ते म्हणाले.

मी ते दोन बाण दाबले. नमन लागलं. पुन्हा दाबले, कुणाचा तरी कानडी भक्तिगीतांचा संग्रह लागला. पुन्हा दाबले, पुन्हा पावडरवाली बाई.

"आप्पा, हे मेलं मागेल ते देत नाही," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "भावाकडून नीट करून घेते. पुढच्या आठवड्यात लावते तुमच्यासाठी."

"लाव," आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी दार लोटायला उठले तेव्हा मागून ओढत ओढत आवाज आला, "पर त्येला बोलवून लाव."