चार संत्री आणि एक हत्ती

"सामानात संत्रं, मोसंबी, लिंबू काही आहे?" कॅम्पवर उतरल्या उतरल्या गाइडने विचारलं. झिंबाब्वेतलं नदीकाठचं जंगल. तंबूत चार खांबांचा पलंग, मागे दगडी न्हाणीघर, सगळा महागडा थाट. कुंपण मात्र कुठेच नाही. त्याने समजावूनही सांगितलं. हत्तीला संत्र्याचा वास लांबून येतो, तो तंबू फाडतो. आतल्या माणसाच्या जिवाला धोका, आणि मग हत्तीच्याही. एकदा चटक लागली की तो येतच राहतो, शेवटी गोळी घालावी लागते.

मी बिनदिक्कत 'नो' म्हटलं. अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये अठरा वर्षं काढलीत मी. दर भारतवारीनंतर शिकागोच्या विमानतळावर कस्टम्सवाल्याच्या डोळ्यांत बघून हेच म्हणत आलेय, आणि बॅगेत कढीपत्त्याच्या जुड्या! आमच्यातल्या कुणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी आईची संकष्टी होती. सत्तरी ओलांडलेली बाई नागपूरहून माझ्याबरोबर फिरायला आलेली, तिला काय उपाशी ठेवू? वाटेतल्या हॉटेलातून चार संत्री उचलून तिच्या पिशवीत मीच घातली होती. म्हटलं, चार संत्र्यांनी काय होतंय!

संकष्टीच्या दुपारी आई तंबूत आडवी झाली होती. मी तीस-चाळीस पावलांवर गाइडबरोबर चहा पीत होते. एकदम कप ठेवून तो उभा राहिला. तंबूच्या दाराशी हत्ती. सोंड जाळीवरून फिरली आणि कापड टर्रकन फाटलं. मी किंचाळणार तोच गाइडने माझं मनगट घट्ट धरलं.

"आत काय आहे?"

"संत्री," मी म्हटलं. "चार."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आईला तुमच्या भाषेत सांगा. पिशवी टाकून मागच्या न्हाणीघरात जायचं. सावकाश. ओरडू नका."

"आई, ऐक. पिशवी तिथेच ठेव आणि मागे बाथरूममध्ये जा. धावू नकोस."

'देवा गजानना' म्हणायला गेले आणि माझी मलाच लाज वाटली.

मग आईचा बारीक आवाज आला, "अगं, पण माझा चष्मा आहे त्यात."

"मरू दे तो चष्मा! आई, जा गं!"

न्हाणीघराचं दार लागल्याचं ऐकू आलं.

हत्तीने पिशवी बाहेर ओढली, चारही संत्री सालासकट खाल्ली, रिकामी पिशवी हुंगून हुंगून बघितली आणि निघून गेला. आईला खरचटलंही नव्हतं. गाइडने तिला पाणी दिलं. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "हा पिल्लू असल्यापासून मी याला ओळखतो," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी गाइडला तीन मेल केले. हत्ती कसा आहे? चौथ्या महिन्यात उत्तर आलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून वाचलं. हत्ती त्यानंतर आणखी दोन तंबूंत शिरला होता. गेल्या आठवड्यात त्याला मारावं लागलं. "गोळी मीच घातली," गाइडने लिहिलं होतं, "परक्या माणसाच्या हातून नको वाटलं."