पाय मोडलेली अक्षरं

"भावजी, हे गेले हो..." सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या स्टॉपवर उभा होतो. बस आली, गेली; मी तिथंच. पाच आठवडे झाले, पण अजून वाटतं, आत्ता भागवतचा फोन येईल अन् तो खेकसेल, "कुठं उलथलास रे?"

भागवत माझा जुना दोस्त, मूळचा पिशोरचा. इथं शहरात छापखान्यात कंपोझिटर होता, म्हणजे शिशाचं एकेक उलटं अक्षर, खिळा म्हणतात त्याला, उचलून शब्द जुळवणारा. जोडाक्षरांवर त्याचा भारी जीव. कुणाच्या लग्नपत्रिकेत 'श्री' तुटका छापलेला दिसला तरी पंगतीत बसून चिडचिड करायचा. छापखाना बंद पडला तेव्हा रडला नाही. म्हणाला, "आता निवांत वाचू की. जल्मभर खिळ्यांवरचं उलटंच वाचलं." पण निवांतपणा कुठला... शेजारच्या प्लॉटवर पाच मजली इमारत झाली. तिच्या बोअरनं ह्याचं बोअर आटवलं अन् तिच्या भिंतीनं ह्याच्या खिडकीतला उजेड खाल्ला. त्यात डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, नजर आहे तेवढी आहे, पुढचं सांगता येत नाही. दिवा लावून पुस्तक धरलं तरी बारीक अक्षर लागेना. वाचायचं राहूनच जातंय की काय, ह्या धास्तीनं गडी खंगला.

तेव्हा ई-रीडरची टूम मीच काढली. अक्षर हवं तेवढं मोठं, उजेड आतूनच. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं मशीनवर काढलेली, म्हणून यंत्रातलं आपल्याला लई कळतं असा माझा तोरा. महिनाभर घोळ घातला. एक स्वस्त, पण त्याला दिवाच नाही. दुसऱ्याला दिवा होता, पण पडदा तळहाताएवढा. तिसरं चांगलं वहीएवढं, पान उलटायला कडेला बटणं. दुकानात जायच्या दिवशी नेमका टँकर यायचा होता; आठ दिवसांचं पाणी सोडून भागवत येणार कसा? एवढंच म्हणाला, "मराठी उघडून बघ बरं का. आतलं पान." मी उघडलं. मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ तेवढं बघितलं, झकास दिसलं. आतली पानं दुकानदारानं इंग्रजी पुस्तकाची दाखवली, तीही झकास. तिसरंच घेतलं. घरी येऊन त्यात मराठी पुस्तकं भरली, न उघडता, अन् नेऊन त्याच्या हातात दिलं.

मग दर रविवारी जायचो. हा खुर्चीत, मांडीवर ते यंत्र. बटणं राहिली कडेला, जुन्या सवयीनं बोट जिभेला लावूनच पान उलटायचा. "कसं चाललंय?" विचारलं तर म्हणाला, "चाललंय की. जरा लंगडतंय." मला वाटलं, पान हळू उलटत असेल. "नवीन आहे, होईल सवय," मी म्हणालो. त्यानं पुन्हा बोट जिभेला लावलं अन् पुढचं पान काढलं.

परवा वहिनींकडं गेलो. यंत्र खुर्चीतच होतं. उघडलं... 'शब्द'चा झाला होता 'शब् द', 'रस्ता'चा 'रस् ता'. पानभर एक जोडाक्षर धड नाही, सगळ्यांचे पाय मोडलेले. लंगडत काय होतं ते तेव्हा कळलं.

"डाव्या तळहातावर बोटानं अक्षरं जुळवत वाचायचे," वहिनी म्हणाल्या. "दोन पानांत दमायचे. मी म्हणलं, भावजींना सांगा. तर म्हणाले, नको, महिनाभर वणवण करून आणलंय त्यानं."

मी सेटिंगमध्ये जाऊन दुसरा फाँट निवडला. दोन मिनिटं लागली. अक्षरं जुळली. वहिनींनी चष्मा लावून पाहिलं.

"हे आधी होत नव्हतं का, भावजी?"

"नाय," मी म्हणालो. "आत्ताच आलंय हे."

त्यांनी पदरानं पडदा पुसला अन् यंत्र पुन्हा त्याच्या खुर्चीत ठेवलं.

वहिनी, हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येतंय, ती तुमच्याकडं येते. आधीही होत होतं ते. पहिल्या दिवसापासून.