डिफॉल्ट : वरीलप्रमाणे

विषय : घर क्रमांक सतरा, वरच्या मजल्यावर पाणी न चढण्याबाबत.
संदर्भ : माझाच शहाणपणा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, उभ्या आयुष्यात एकच रकाना मी मोकळा सोडायला हवा होता आणि नेमका तोच भरला.

चहा घ्या. सविस्तर सांगतो.

आमची कॉलनी गडमुडशिंगीच्या वाटेवर. पाण्याची सोसायटी कॉलनीचीच. सोसायटीनं ठरवलं, यापुढं तक्रारी मोबाईलवरून. ते काम मिळालं माझ्या पुतणीच्या, सुजाताच्या कंपनीला. एरवी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची कामं करणारी ही पोरगी एका रविवारी लॅपटॉप घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसली.

"काका, मराठी तेवढं बघून द्या की. सगळी हयात अर्ज वाचण्यात गेलीया तुमची."

"आहे काय हे?"

"लोकांचा मोबाईल सोसायटीच्या कॉम्प्युटरला काय काय सांगणार, ते आधी लिहून ठरवायचं. एपीआय स्पेसिफिकेशन म्हणतात."

"म्हणजे विहित नमुना!"

"व्हय, तसंच समजा."

प्रत्येक माहितीपुढं दोन रकाने. वर एक्झाम्पल, खाली डिफॉल्ट.

"एक्झाम्पल म्हणजे नुसतं दाखवायला. डिफॉल्ट म्हणजे माणसानं काही लिहिलंच न्हाई, तर कॉम्प्युटर आपल्या मनानं काय धरणार, ते. तुम्ही एक्झाम्पल भरा. डिफॉल्टला हात लावायचा न्हाई. मोकळंच ऱ्हाऊ दे."

एवढं सांगून ती फोन घ्यायला बाहेर गेली.

आता नमुन्याबाबत माझं मत पक्कं आहे. आमच्या ऑफिसात भिंतीवर भरलेला नमुना लावलेला असे. अर्जदार : श्री. अबक. लोक तो इमानदारीनं नावासकट उतरवून काढत. या अबकचे इतके अर्ज मी हाताळलेत की तो गृहस्थ मला नात्यातला वाटू लागला होता. म्हणून ठरवलं, इथं अबक नको. नमुना खरा पाहिजे.

आणि घरात एक अस्सल तक्रार होतीच. आमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. दिवाळीपासून तिथल्या नळाला थेंब नाही. गुडघे धरून बायको खालून घागरी नेत होती. मी लिहिलं. नाव : आनंदा धोंडी कांबळे. घर : सतरा. तक्रार : वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.

कुणी हेच उतरवून काढलं तर? म्हणून शेवटी शेराही मारून ठेवला : 'हुबेहूब नमुन्याप्रमाणे अर्ज आल्यास दप्तरी दाखल करावा.' ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दप्तरी दाखल म्हणजे सन्मानानं पुरणे.

राहिले डिफॉल्टचे रकाने. मोकळे! माझ्याकडं आ वासून बघत होते. मोकळ्या रकान्यापायी साहेबानं माझ्या किती फायली भिरकावल्या असतील! हात आपोआप चालला. प्रत्येक नमुन्याखाली सुवाच्य मराठीत टाईप केलं : वरीलप्रमाणे.

सुजातानं काही पाहिलं नाही. माझ्या शुद्धलेखनावर तिचा फार विश्वास. पुढं तिच्या कंपनीत कुणी आज्ञाधारक बसलेलं होतं. त्यानं 'वरीलप्रमाणे' वाचलं आणि खरोखर वरीलप्रमाणे केलं.

मोबाईलवर तक्रारी सुरू झाल्या, त्या दिवशी सकाळीच सोसायटीचा फिटर दारात हजर. मुरगूडचा शिवा. हातात पाना.

"मामा, टाकी कुठं गळतीया?"

"टाकी नाही गळत. वर पाणी चढत नाही."

"कागदावर गळतीया म्हणून हाय की!"

गेला. अर्ध्या तासात परत. "मीटर फुटलाय म्हणं?" मग गढूळ पाण्यासाठी आला. मग तुंबलेल्या चेंबरसाठी. पाचव्या खेपेला बायकोनं त्याला चहा दिला.

"शिवा, आलायस तर वरचा नळ बघ की बाबा."

"काकू, ती तक्रारच न्हाई माझ्याकडं. तक्रारीबिगर पाना लावायचा न्हाई, ताकीद हाय."

झालं होतं काय? लोकांनी तक्रार तेवढी लिहिली. नाव, घर कोण लिहीत बसतंय? सोसायटीला ठाऊक नाही होय, आपण कोण ते! आणि ज्यानं नाव लिहिलं नाही, त्याला कॉम्प्युटरनं आनंदा धोंडी कांबळे धरलं. घर सतरा.

संध्याकाळी शेजारचे माने फाटकावर उभे.

"कांबळे, रिटायर झालासा तरी अर्जाची हौस फिटंना व्हय? एका दिवसात अकरा तक्रारी! टाकी गळतीया आमची, आणि फिटर चहा पितोय तुमच्यात!"

वरून बायको कडाडली, "अकरा अर्ज केलासा, आणि माझा नळ एकातबी न्हाई?"

सुजाता धावत आली, लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला.

"काका! हात लावू नका म्हटलं होतं!"

"लावला नाही. फक्त वरीलप्रमाणे म्हटलं."

तिनं त्याच बैठकीत डिफॉल्ट काढून टाकलं. दोन दिवसांत मान्यांची टाकी गळायची थांबली. मग मी माझा अर्ज केला. एकही रकाना मोकळा न ठेवता. क्षणात उत्तर आलं : 'आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.'

का नाही होणार? नाव हुबेहूब, घर हुबेहूब, तक्रार हुबेहूब. हा शेरा मी हजारो अर्जांवर मारला असेल, पण टेबलाच्या अलीकडं बसून वाचायची पहिलीच वेळ.

"काका, तक्रारीचे शब्द जरा बदला की," सुजाता म्हणाली.

"का बदलू? नाव माझं, घर माझं, पाणी चढत नाही हेही खरं. मी काय नमुना आहे?"

"मग कोण हाईसा?" वरून आवाज आला.

बायकोच्या नावानं अर्ज करावा, अशीही सूचना आली. मी फेटाळली. नळ माझ्या नावावर, अर्जही माझ्याच नावानं. शेरा काढावा म्हटलं, तर सुजाताची कंपनी आता सोसायटीच्या सहीशिवाय एक अक्षर हलवत नाही. हा नियम नवीन आहे. कुणामुळं आला, ते विचारू नका.

म्हणून 'शेरा रद्द करणेबाबत' असा लेखी अर्ज सोसायटीत दिला आहे. पोच घेतली आहे. दर सोमवारी स्मरणपत्र देतो. सही होईपर्यंत देणार.

सद्यःस्थिती : पाणी वर चढत नाही. बायकोच्या तोंडी आदेशान्वये रोज सकाळी दोन घागरी घेऊन मी चढतो. अर्ज प्रलंबित आहे.