जिनिंगच्या आगीतला हुकूम

धुळ्याजवळच्या जिनिंग कारखान्याची ती आग विझून बरीच वर्षं झाली, पण तिथला एक शब्द माझ्या मनातून गेलेला नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी त्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो.

भर दुपारी रुईच्या गाठींनी पेट घेतला. माझा फौजदार आधी पोहोचला. त्याने दोरी बांधून गर्दी हटवली आणि मागच्या दाराने कामगार बाहेर काढले. वीस मिनिटांनी मी जीपमधून उतरलो. त्याने सॅल्यूट केला आणि तो बाजूला झाला. साहेब आले की बाजूला व्हायचं, ही आमच्या खात्याची रीत. पुढच्या दहा मिनिटांत आमचा एक हवालदार आत गेला आणि कोसळत्या भिंतीखाली सापडून मेला.

अकस्मात मृत्यूचा तपास माझ्याकडेच आला. फौजदाराच्या अहवालात लिहिलं होतं, ‘हवालदार आदेशाशिवाय आत गेला.’ मी त्याखाली सही केली.

चौथ्या दिवशी हवालदाराचे वडील शिंदखेड्याहून आले. खुर्चीवर बसले नाहीत.

“साहेब, मना पोऱ्या तसा नव्हता. हुकूम बिगर तो पाय उचले नही. तेवढं कागदवरथून काढी टाका.”

“आबा, चौकशी चालू आहे,” मी म्हणालो. चौकशी खरं तर संपली होती.

त्यांच्यासाठी म्हणून पुन्हा जबाब घ्यायला गेलो. कारखान्यासमोरच्या चहावाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“चार दिवस लागले का साहेब? टपरी तर समोरच आहे. हवालदार तुम्हाला विचारूनच गेला.”

“मला?”

“तुम्ही वायरलेसवर बोलत होता. तो म्हणाला, आत एक बाई राहिली म्हणतात. तुम्ही म्हणालात, ‘बघ’.”

मला काहीच आठवेना. ठाण्यात येऊन मी फौजदाराला समोर बसवलं. तपासात माणूस खोटं बोलण्याआधी टेबलावरची एखादी वस्तू सरळ करतो, हे मी अनेकदा पाहिलं होतं. त्याने पेपरवेट सरळ केला.

“मी ‘बघ’ म्हणालो होतो?”

त्याने पेपरवेटवरून हात काढला. “हो, साहेब. मी शेजारीच उभा होतो.”

“मग अहवालात ‘आदेशाशिवाय’ का लिहिलं?”

“तुमचं नाव कसं लिहू?”

“आत खरंच बाई होती?”

त्याने खिशातून नोंदवही काढून पुढे केली. बाहेर आलेल्या सगळ्या कामगारांची नावं त्यात होती. ती बाईही. मी पोहोचण्याच्या आधीच ती बाहेर आली होती.

“हे त्याच वेळी बोलला का नाहीत?”

“तुम्ही आलात, मी बाजूला झालो. साहेब बोलत असताना मध्ये कसं तोंड घालणार? तुम्ही विचारलंही नाही.”

त्या संध्याकाळी मी माझा स्वतःचा जबाब लिहिला, जुना अहवाल चुकीचा असल्याचं नोंदवलं आणि वरिष्ठांकडे पाठवला. मला शिक्षा झाली, ती योग्यच होती. दुरुस्त अहवालाची नक्कल घेऊन मी शिंदखेड्याला गेलो. आबांनी ती शेजाऱ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आते त्यानं नाव चोख शे. तुमनं तुम्ही दखा.” त्याचं नाव स्वच्छ झालं होतं; माझं मलाच बघायचं होतं.

पुढे जळगावला पोलीस, अग्निशमन दल आणि होमगार्ड यांच्या एकत्र प्रशिक्षणाचं काम मी मागून घेतलं. मेहरूण तलावाच्या काठी आम्ही सराव करायचो. नियम एकच ठेवला होता. जो आधी पोहोचेल तो प्रमुख. मागून येणारा कितीही मोठा असला, तरी आत कोण, बाहेर कोण, कोणाला कुठे पाठवलं, हे त्याने आधी ऐकायचं आणि मगच मोठ्याने म्हणायचं, ‘आता सूत्रं माझ्याकडे.’ पाणी मारायला आठवड्यात शिकतात. साहेबाला थांबवायला शिकायला महिने लागले.

एका सरावात मी मुद्दाम दोरी ओलांडून हुकूम सोडू लागलो. एका तरुण फौजदाराने सॅल्यूट केला, पण तो जागचा हलला नाही.

“साहेब, सूत्रं अजून माझ्याकडे आहेत. आधी ऐकून घ्या.”

मागे कोणीतरी हसलं. “गेली याची बदली गडचिरोलीला!”

तो मात्र नोंदवहीतून एकेक नाव वाचत राहिला. मी सगळं ऐकलं. जेमतेम दोन मिनिटं लागली. तेवढी दोन मिनिटं त्या दुपारी मी दिली असती, तर तो हवालदारही आज निवृत्त होऊन घरी असता. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.