मर्नाचा डोळा, ऑरिनचा हात

ऑरिन स्टॅडलरने ठोकलेला चेंडू मर्ना टॅकेटच्या उजव्या डोळ्यावर बसला, तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघालं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चेंडू उंच उडाला होता, ऑरिनने तो डोक्यावरून खाली आणला, कोर्टावर फटकन आवाज झाला आणि मला वाटलं, गुण झाला.

मग मर्ना खाली बसली. पडली नाही, चपलेत खडा गेल्यावर माणूस बसतो तशी बसली. डोळ्यावर पंजा धरला आणि शांतपणे विचारलं, "कुणी दिवे घालवले का रे?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. मेसा गावचं वाळवंटी ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. आम्ही चौदा-पंधरा जण कोर्टाभोवती उभे होतो. 

मी गाडी काढली. कुणीतरी क्लबघरातल्या फ्रीजरमधून मटाराची थंडगार पिशवी आणून दिली, ती मर्नाने डोळ्यावर धरली. ऑरिन मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला होता.  हॉस्पिटलपर्यंतची वीस मिनिटं बोलत होती ती मर्नाच. "लेस्टर, डावीकडची लेन धर. इथे सिग्नल लांब असतो." एकतीस वर्षं नेब्रास्कात शाळेची बस चालवलेली बाई, दुसऱ्याच्या गाडीत बसून गप्प राहणं तिला जमत नव्हतं.

ऑरिन छपरं घालणारा होता. नॉर्थ डकोटात चाळीस वर्षं हातोडा चालवून गुडघे गेले, बायको गेली, तेव्हा तो हिवाळ्यापुरता आमच्या पार्कात, म्हणजे निवृत्तांच्या वसाहतीत, आला आणि पिकलबॉलला चिकटला; पॅडल नावाच्या छोट्या बॅटीने प्लास्टिकचा चेंडू जाळीवरून मारायचा हा खेळ. आमच्यात तोच सगळ्यात जोरात मारायचा. चेंडू कसाही येवो, त्याच्याकडे उत्तर एकच. जाळीवरून अलगद टाकलेल्या फटक्याला आम्ही डिंक म्हणतो; ऑरिन त्याला म्हाताऱ्यांची खोकल्याची गोळी म्हणायचा.

मर्ना त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. रोज सकाळी ती त्याची खोडी काढायची.

"ऑरिन, तो खिळा नाहीये, चेंडू आहे."

"बसतो ना जागेवर? मग झालं."

"बसतो की. शेजारच्या कोर्टावर."

लोक हसायचे, ऑरिनही हसायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं.

डोळ्याचा पडदा फाटून सुटला होता. दोन ऑपरेशनं झाली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मर्नाला समोर बसवून सांगितलं, "उजेड आणि सावली, एवढंच कळेल. याहून जास्त आता येणार नाही. मला फार वाईट वाटतं." ती घरी आली आणि आधी कॉफी ओतायला गेली. सगळी कॉफी कपाच्या शेजारी, टेबलावर. एका डोळ्याने अंतर कळत नाही हे तिला त्या क्षणी कळलं.

ऑरिनने पॅडल कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं. मी स्वतः पाहिलं. त्यानंतर त्याच्या घराचे पडदे उघडले नाहीत. सलग सहा दिवस तो पहाटे मर्नाच्या दारात ट्यूना मासा आणि नूडल्सचा भाजलेला ट्रे ठेवायचा आणि घंटा न वाजवता पळून जायचा.

सातव्या दिवशी मर्ना त्याच्या दारात गेली. त्याचा गळका नळ दुरुस्त करायला मी तिथे होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे. डोळ्यावर पट्टी, काखेत दोन पॅडल.

"ऑरिन, तुझा ट्यूना मी कुत्र्याला घातला. त्यानेही तोंड फिरवलं."

तो दारातून बाजूला झाला.

"मला पुढच्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत खेळायचंय," ती म्हणाली. "जोरात आलेला चेंडू मला आता येऊन गेल्यावर दिसतो. हळू आलेला मात्र दिसतो. म्हणजे मला हळू खेळणारा जोडीदार पाहिजे. तू शीक."

माझ्या हातातला पाना खाली पडला. ऑरिनचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मर्ना, माझ्याच्याने पॅडल धरवत नाही."

"माझ्याच्याने कॉफी ओतवत नाही. मग काय, कॉफी सोडू?"

पार्कात बातमी फुटली तेव्हा लोक हादरलेच. ऑपरेशनचा परिणाम मेंदूवर झालाय असं एकीने मला गंभीरपणे सांगितलं. मर्नाची बहीण फेय तर तिच्याशी चार दिवस बोलली नाही. पण दुसऱ्या सोमवारी दोघं डोळ्यांच्या रक्षणाचे जाड चष्मे चढवून शेवटच्या कोर्टावर समोरासमोर उभी राहिली.

जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. मर्नाचं सगळं शिकवणं त्या पट्ट्यात होतं. "इथे टाक. इथे पडलेला चेंडू समोरच्याला खालून वर उचलावाच लागतो. मग तो कितीही पैलवान असू दे." ऑरिनचा पहिला चेंडू कुंपणाबाहेर गेला. दुसरा जाळीत.

"मनगट कशाला हलवतोस? ते गप्प ठेव. खांद्यापासून ढकल. आणि मूठ इतकी आवळू नकोस, पळून नाही जात ते पॅडल."

"चाळीस वर्षं मूठ आवळूनच जगलो."

"दिसतंय ते."

पहिल्या दिवशी न चुकता सलग चार डिंक झाले. महिन्याने साठ. एप्रिलमध्ये लोक उत्तरेला परत जाऊ लागले, ही दोघं राहिली. ऊन चढायच्या आत, सहा वाजता कोर्टावर. ती त्याला तिरपं टाकायला शिकवायची, कारण तिरप्या वाटेत जागा जास्त मिळते आणि जाळी मधोमध थोडी खाली असते. मागच्या रेषेवरून चेंडू अलगद समोरच्या पट्ट्यात सोडायचा, हे त्याला सगळ्यात जड गेलं. "हा फटका गुण मिळवायला नसतो," ती सांगायची, "आपल्याला चालत पुढे यायला वेळ मिळावा म्हणून असतो. घाई कसली आहे तुला?" जूनमध्ये त्यांनी सलग दोनशे बारा केले. मीच मोजले, आणि मला ते खरं वाटेना.

जानेवारीतल्या स्पर्धेत सोळा जोड्या होत्या. मर्ना आणि ऑरिनने पहिल्या दोन सामन्यांत जोरात मारणाऱ्यांना अक्षरशः कंटाळा आणला. ते चिडायचे, घाई करायचे, चेंडू बाहेर घालवायचे. उपांत्य फेरीत दहा-अकरा असताना समोरच्या जोलीनकडून चेंडू चुकून वर आला. ऑरिनच्या खांद्याएवढा, संथ, आयता. त्याने हात वर नेला. जोलीन जाळीपाशी उभी होती.

हात तसाच राहिला. मग खाली आला आणि त्याने चेंडू नुसता पलीकडे लोटला, तोही उंच. जोलीनच्या जोडीदाराने तो दोघांच्या मधून काढला. दहा-बारा, दोन गुणांचा फरक पडला, सामना संपला.

मर्ना हात मिळवायला गेली, परत आली आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर तुटून पडली.

"का नाही मारलास?"

"समोर बाई होती."

"तिला पाय नव्हते? पायाशी मारायचा! हळू कशासाठी खेळतो आपण? त्यांना चेंडू वर द्यावा लागावा म्हणून. आला की खाली घालून संपवायचा. तू हळू खेळत नाहीस ऑरिन, तू घाबरतोस. आणि माझ्या डोळ्याच्या नावाखाली घाबरतोस."

त्याने पॅडल पिशवीत घातलं आणि चेन लावली. आम्हाला कुठे पाहावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टावर पोचलो तेव्हा मर्ना जाळीजवळच्या रेषेवर उभी होती, चष्मा लावून. तिने चेंडू उंच उडवून दिला. "मार. पायाशी."

ऑरिनने तो जाऊ दिला. तिने दुसरा दिला, तोही गेला. लोक जमू लागले. फेय ओरडली, "मर्ना, बाहेर ये तिथून!" मर्नाने मान वळवली नाही. सहावा चेंडू आला तेव्हा ऑरिनने आधी एक पाऊल मागे घेतलं. पण त्याने मारला. चेंडू तिच्या बुटाच्या टोकाला लागून उडाला.

"आणखी," ती म्हणाली.

वीस-पंचवीस झाले असतील. मग ऑरिनने पॅडल खाली ठेवलं. तो रडत होता, पण आवाज स्पष्ट होता.

"त्या दिवशी मी तुझ्या अंगावर मारला होता. चुकून नाही. रोजच्या टोमण्यांनी डोकं फिरलं होतं. डोळ्यावर नाही, छातीवर मारायचा होता. पण तुझ्यावरच मारला."

 वर्षभर आम्ही सगळे अपघात, अपघात म्हणत होतो. फेयने तोंडावर हात ठेवला.

मर्ना म्हणाली, "माहीत आहे मला. समोर मीच होते ना? तुझी नजर मी पाहिली होती."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग माझ्या दारात कशाला आलीस?"

तिने बुटापाशी पडलेला चेंडू उचलला. "बसमध्ये एकदा एका पोराने मागून माझ्या डोक्यात सफरचंद मारलं होतं. त्याला मी खाली उतरवलं नाही. पुढच्या सीटवर आणून बसवलं, वर्षभर." मग ती रागावूनच म्हणाली, "आणि मला राग आला नव्हता असं समजू नकोस. अजून येतो. कॉफी सांडली की रोज येतो. उचल ते पॅडल."

त्याने उचललं. 

याला आता तीन वर्षं झाली. पार्कातले काही जण त्या सकाळपासून ऑरिनशी बोलत नाहीत. माझी बायकोही त्यांच्यातलीच. तो समोर आला की ती रस्ता बदलते, आणि ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही. फेय त्याला घरात घेत नाही. ऑरिनची कशाबद्दलच तक्रार नसते. दर मंगळवारी तो नव्या लोकांना हळू खेळायला शिकवतो, आणि चष्मा नसेल तर कोर्टावर पाय ठेवू देत नाही.

गेल्या महिन्यात दोघं स्पर्धेत दुसरी आली. तिने मारलेला शेवटचा चेंडू रेषेवर पडला की बाहेर, यावरून मर्ना पाऊण तास भांडली. तिचं म्हणणं, चेंडू आत होता. ऑरिन म्हणाला, बाहेर होता. त्यावर ती त्याच्यावर जी खेकसली, ते पार्किंगपर्यंत ऐकू आलं.