सत्तेचाळीस हातांची सरासरी

चहा घ्या आधी. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही माझी इंजिनिअरिंगची डिग्री परत मागाल. आणि एक वचन द्या. ऐकून झाल्यावर कुणीही माझ्यापुढे हात पसरायचा नाही. का, ते कळेलच.

गल्लोगल्ली एसटीडी बूथ उगवायला लागले होते तेव्हाची गोष्ट. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमचं सगळं खानदान इकडे कन्नड मुलखात, चिकपेटेत, शिंपीकाम करत होतं. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर आमचे पूर्वज इकडे आले म्हणे. सरदार परत गेला, आम्ही राहिलो, लोकांची मापं घेत.

दुकान अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. दुकानाचा रस्त्याकडचा कोपरा रिकामा पडला होता, आणि त्या कोपऱ्यावर दोघांचा डोळा होता. एक होसकोट्याचे गोविंदराव. त्यांना तिथे एसटीडी बूथ टाकायचा होता. दुसरी मी, मला तिथे व्हिडिओ गेमचं मशीन ठेवायचं होतं.

मशीन म्हणजे काय, तर कॅन्टोन्मेंटकडचं एक गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मी आणि माझी वर्गमैत्रीण नलिनी तिथून उरलंसुरलं घेऊन आलो होतो. सर्किट बोर्ड चालू, पडदा चालू, दोन जॉयस्टिक आणि आठ बटणं धडधाकट. लाकूड मात्र वाळवीने खाल्लेलं. म्हणजे ज्या फळीवर जॉयस्टिक आणि बटणं बसतात, ते पॅनेल मला नवीन करायचं होतं. बाकी सगळं तयार!

"पुट्टी," अण्णा म्हणाले. बावीस वर्षांच्या मुलीला अजून पुट्टी, म्हणजे छोटी! "पुढच्याच्या पुढच्या रविवारी यंत्र चालवून दाखव. चार माणसं खेळून खूश झाली तर कोपरा तुझा. नाहीतर गोविंदराव विडा-नारळ घेऊन येतातच आहेत."

पंधरा दिवस? एका फळीला? मला हसूच आलं.

आणि मग मी ती फळी पुढ्यात घेतली, पेन्सिल उचलली, आणि तिथेच अडकले. बटणं नेमकी कुठे?

हसू नका. तुम्हीच करून बघा. उजवा हात टेबलावर सैल ठेवा. बोटांची टोकं सरळ रेषेत येतात का? नाही येत! तर्जनी थोडी मागे, मधलं बोट पुढे, अनामिका जरा खाली, आणि करंगळी तर कुठल्या कुठे. चार बोटं, चार बटणं. सरळ ओळीत लावली तर करंगळी पोचत नाही. वाकडी लावली, तर किती वाकडी? आणि दोन बटणांत अंतर किती? बावीस वर्षं हा हात माझ्या खांद्याला लटकतोय आणि मी कधी त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं! बसमध्ये दांडी धरणारे हात, पानाला चुना लावणारे हात, इडली मोडणारे हात, मी दोन दिवस नुसती लोकांचे हात बघत फिरले. एका कंडक्टरने विचारलं, "काय मॅडम, अंगठी हरवली का?"

शेवटी अण्णांना विचारायची चूक केली.

"कुणासाठी करतेयस?" त्यांनी कात्री न थांबवता विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांना बसणारा कपडा एकच असतो, पुट्टी. चादर."

"अण्णा, हे सायन्स आहे, झंपर नाही!" मी म्हटलं आणि तिथून निघाले. या मोठ्या माणसांना प्रत्येक गोष्टीत आपलाच धंदा कसा दिसतो, सांगा बरं?

मी ठरवलं, भरपूर हातांची मापं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. बिलांवर शिक्का मारायची जांभळी शाई दुकानात होतीच. खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या. समोरच्याची चार बोटं शाईत टेकवायची, पट्टीवर उमटवायची, झालं. अंगठा कशाला? अंगठ्याला बटण नाही. चार ठिपके म्हणजे एक माणूस. दोन दिवसांत नलिनी आणि गल्लीतले गेम खेळणारे मिळून वीस हात जमले. सगळं कसं शिस्तीत.

तिसऱ्या दिवशी समोरच्या पार्वतक्का आल्या. त्यांच्या भाच्याची जांभळी बोटं त्यांनी बघितली होती.

"शुभा, तू हात बघतेस म्हणे?"

"हात नाही हो बघत, अक्का. बोटांची मापं घेते."

"तेच ते. पूर्वी रेषा बघायचे, आता इंजिनिअर झाल्यावर मापं घेत असतील. स्वल्प माझंही बघ ना."

"अक्का, मी भविष्य सांगत नाही!"

"नको सांगू. नुसतं बघ." आणि हात माझ्या नाकापुढे.

मी वैतागले. पण मग मनात आलं, वाईट काय आहे? वीसपेक्षा एकवीस हात बरे. बोटं टेकवली, ठिपके उमटवले, पट्टी लावली आणि नेहमीच्या सवयीने आकडा मोठ्याने वाचला. "मधल्या दोन बोटांत अंतर फार आहे."

पार्वतक्कांनी खोल श्वास घेतला. "खरं आहे गं बाई. दोन्ही सुना एकमेकींचं तोंड बघत नाहीत."

झालं! दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही रांग! मी घसा फोडून सांगत होते, हे मशीनसाठी आहे, बटणांसाठी आहे. लोक माना डोलवत होते आणि हात पुढे करत होते. एका बाईंना म्हटलं, "हे शेवटचं बोट मागे राहतंय." त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. धाकटीचं लग्न जमत नव्हतं. एका म्हाताऱ्या मामांना म्हटलं, "तुमचा हात थरथरतोय, ठिपका पसरला." ते म्हणाले, "पसरला ना? म्हणजे जमीन वाढणार." आता यात मी काय केलं होतं, सांगा!

आणि हात तरी कसा द्यावा माणसाने? मला हवा होता सैल, आरामात ठेवलेला. हे लोक पाची बोटं अशी फाकवून, ताणून द्यायचे, की एखादी रेषा दिसायची राहू नये. मी दोनदा म्हटलं, "सैल सोडा." सैल सोडून देवाला तरी दिसेल का, असा चेहरा. रांग तर वाढत होती. समोर येईल तो हात धरायचा आणि ठिपके घ्यायचे, एवढंच मी करत राहिले.

सत्तेचाळीस हात जमले. रात्रीचं जेवण सोडून मी आणि नलिनी पट्ट्या मांडून बसलो, आणि ऐका, आम्हाला एक शोध लागला!

पहिल्या वीस पट्ट्यांत डावीकडचा पहिला ठिपका, म्हणजे तर्जनीचा, जरासाच मागे. आणि शेवटचा, करंगळीचा, बराच मागे. बरोबर आहे. पण गल्लीतल्या बायकांच्या पट्ट्यांत? साफ उलटं! तर्जनी मागे, करंगळी पुढे! एक नाही, दोन नाही, एकूण एक बाई तशीच!

"असं कसं?" नलिनी म्हणाली.

मी खोलीत येरझारा घालायला लागले. मग डोक्यात वीज चमकली. "पोळ्या! नलिनी, पोळ्या! जन्मभर लाटणं दाबून आणि नाचणीच्या मुद्द्यांचे गोळे वळून तर्जनी मागे दबत जात असणार आणि करंगळी पुढे सरकत असणार!"

"पण तुझी करंगळी तर मागे आहे."

"मी कुठे पोळ्या लाटते?"

हे तिला पटलं. मलाही पटलं. स्वयंपाकघर बायकांची बोटंसुद्धा बदलून टाकतं, यावर आपण लेख लिहायचा, असंही आम्ही ठरवलं. मी तर आईला त्याच रात्री सांगून टाकलं की यापुढे पोळ्या करणार नाही, शास्त्रीय कारण आहे. आधीही करत नव्हते, पण आता कारण होतं.

मग सत्तेचाळीस हातांची सरासरी काढली. काय सुंदर आकृती आली म्हणून सांगू! मधली दोन बटणं वर, कडेची दोन खाली, अगदी सारखीच खाली, ऐसपैस देखणी कमान. मी कागद भिंतीला लावला आणि लांबून बघत राहिले. निसर्गात किती समतोल असतो!

शनिवारी सुतार यायच्या आधी अण्णा तो कागद बघून म्हणाले, "आधी पुठ्ठ्यावर कच्चं कर. एक हात ठेवून बघ."

"एका हाताने काय सिद्ध होतं, अण्णा? माझ्यामागे सत्तेचाळीस आहेत!"

"सरी," अण्णा म्हणाले. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. अण्णांच्या तोंडी तो शब्द आला की काहीच ठीक नसतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सुताराने भोकं पाडली. फळीला एकदा भोक पाडलं की पाडलं.

रविवारी सगळी गल्ली दुकानापुढे. गोविंदराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून, ताटात नारळ आणि विडा घेऊन, बाजूला स्टुलावर. मी बटण दाबलं, पडदा उजळला, दोन पैलवान समोरासमोर उभे राहिले. टाळ्या! मी अण्णांकडे असं बघितलं, असं बघितलं, की आत्ता आठवलं तरी मान खाली जाते.

पहिला मान नलिनीचा. कॉलेजात तिला या खेळात कुणी हरवलं नव्हतं. तिने डाव्या हाताने जॉयस्टिक धरली, उजवा हात बटणांवर ठेवला. मग हात ताणला. मग आणखी ताणला.

"शुभा," ती हळूच म्हणाली, "हे चौथं बटण माझं आहे की शेजारणीचं?"

"पसर ना बोटं!"

"पसरलीत! पहिलं दाबलं की चौथं सुटतं, चौथं दाबलं की मनगट वळतं!"

पडद्यावर तिचा पैलवान उभ्या उभ्या मार खात होता. एकदाही हात उचलला नाही बिचाऱ्याने. नलिनी हरली. मग एकेक करून सात जण हरले, आणि कुणाशी? तर दुसऱ्या बाजूला जॉयस्टिकला चुकून कोपर लागलेल्या माणसाशी! शेवटी दोन भाऊ एकाच जागी उभे राहिले, एकाने जॉयस्टिक धरली, दुसऱ्याने पेटी वाजवावी तशी दोन्ही हातांनी बटणं बडवली. गल्ली हसून हसून लोळायची बाकी होती.

"मापं चुकणं शक्यच नाही!" मी ओरडले आणि पट्ट्यांचा गठ्ठा अण्णांपुढे आपटला. "बघा तुम्हीच!"

अण्णांनी चष्मा लावला. एक पट्टी घेतली आणि तिच्यावर आपली चार बोटं ठेवून बघितली. बसेनात. मग त्यांनी हात बदलला. चारही बोटं ठिपक्यांवर अलगद बसली.

"पुट्टी, हा डावा हात आहे."

"कुठला?"

"हा. हा पण. हा पण डावाच."

मी पार्वतक्कांकडे वळले. "अक्का, तुम्ही मला डावा हात दिला होता?"

"मग कुठला देणार?" पार्वतक्का चकित होऊन म्हणाल्या. "पुरुषांचा उजवा बघतात, बायकांचा डावा. एवढंही माहीत नाही आणि गल्लीचे हात बघत बसलीस?"

मोजले. तेवीस उजवे, चोवीस डावे. त्यांची सरासरी म्हणजे दोन्ही कडांना करंगळी असलेला हात! तोही भविष्य बघायला ताणून धरलेला! देवाने असा हात अजून कुणाला दिलेला नाही, आणि मी त्याच्यासाठी फळीला भोकं पाडून बसले होते.

"म्हणजे ते पोळ्यांचं..." नलिनीने सुरुवात केली.

"गप्प बस!"

आता गोविंदराव उठले. ताट घेऊन अण्णांकडे निघाले, आणि मध्येच माझ्यापुढे थांबले. ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"बाई, होसकोट्यापर्यंत तुमचं नाव ऐकलंय. नारळ देण्याआधी स्वल्प बघता का? ही जागा मला लाभेल?"

आता बघा, मी पंधरा दिवस कंठशोष करत होते की मी भविष्य सांगत नाही. पण तो माणूस स्वतः होऊन विचारत होता! एक शब्द, आणि ताट परत होसकोट्याला! मला फक्त एक नवी फळी आणि आठवडा हवा होता. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मी त्यांचा हात धरला. या वेळी उजवा आहे याची खात्री केली. बराच वेळ बघितलं आणि गंभीर आवाजात म्हटलं, "नाही लाभणार. या हाताला ही जागा अजिबात लाभणार नाही. धंदा बुडेल."

पार्वतक्कांनी तोंडाला पदर लावला.

गोविंदरावांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्या पॅनेलकडे बघितलं, त्या देखण्या कमानीकडे. आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलला, असा फुलला!

"अण्णा, धरा नारळ!" ते ओरडले. "या बाईंचा हिशेब बरोबर उलटा निघतो, आत्ताच सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय!"

चिकपेटेत माझ्या हिशेबावर एवढा गाढ विश्वास त्याआधी कुणीच ठेवला नव्हता.