तीन वेळा तेच लिहिणारा सभासद

शेखसाहेबांना ग्रुपमधून मी काढलं. सॉफ्टवेअरने काढलं, असं मी ऑफिसात बरेच दिवस सांगत होतो. पण ते सॉफ्टवेअर बसवलं मी आणि शेवटचं बटणही मीच दाबलं.

माझं काम मॉडरेटरचं. म्हणजे इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये लोक काय लिहितात ते वाचायचं आणि भांडणं आवरायची. आमच्या कंपनीकडे एका ज्येष्ठ गायिकेच्या चाहत्यांचा ग्रुप आहे. तिथे एकच वाद फिरून फिरून यायचा, बाईंचं जुनं गाणं खरं की आत्ताचं. नवा सभासद आला की आठवड्याभरात तेच. कंटाळून मी फिल्टर लावला. एकच मजकूर तीनदा टाकणाऱ्याचं नाव तो मला काढून द्यायचा. पहिल्याच दिवशी एक नाव आलं, शेखसाहेबांचं. त्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलंही नाही. त्यांना काढलं आणि ग्रुपवर जाहीर केलं, 'वारंवार तेच लिहून चर्चा बिघडवल्याबद्दल यांचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे.'

चर्चा खरी बिघडली ती त्यानंतर. जुनेवाले नव्यांना बहिरे म्हणू लागले, नवेवाले जुन्यांना म्हातारे. दोन आठवड्यांनी आमची मॅनेजर गौरी टेबलापाशी आली.

"बाईंच्या मुलीचा फोन होता. आई रोज सकाळी ग्रुप वाचते, हल्ली वाचून गप्प बसते म्हणाली. सोमवारपर्यंत सुधारला नाही तर बंद करा म्हणतात."

"फिल्टर लावलाय ना आपण."

"हो, लावला तेव्हापासूनच बिघडलंय. आधी काय होतं जे आता नाही, ते बघा."

मी शेखसाहेबांचे जुने मेसेज उघडले. सुरुवात दर वेळी तीच. 'नमस्कार. या विषयावर इथे बोलणं झालं आहे. दोन्ही बाजूंचे मुद्दे खाली देतो. आपण कोणतं गाणं ऐकलंत आणि त्यातली कोणती जागा आवडली, ते सांगाल का?' जागा म्हणजे गाण्यातला मनात राहून जाणारा एखादा नेमका तुकडा. फिल्टर वरच्या ओळीच तपासायचा. खालची मुद्द्यांची यादी मात्र दर वेळी थोडी वाढलेली असायची. भांडायला आलेला माणूस तो प्रश्न वाचून गाणं पुन्हा ऐकायला जायचा आणि येताना एखादी जागा घेऊन यायचा. ज्या कामाचा मी पगार घेत होतो, ते हा माणूस हौसेने आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करत होता.

शनिवारी कसबा पेठेत त्यांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात गेलो. ओळख सांगितली.

"म्हणजे काढणारे आपणच. बसा."

त्यांनी स्वतः बांधलेली एक वही काढली. डाव्या पानावर जुन्या गाण्याच्या बाजूचे मुद्दे, उजव्या पानावर नव्याच्या. प्रत्येक मुद्द्यापुढे तो मांडणाऱ्याचं नाव. गेल्या दोन आठवड्यांची पानं कोरी होती.

"आणि तुमची बाजू कोणती?" मी विचारलं.

"ती लिहिली तर समोरच्या पानावरचे लोक मला मुद्दे देतील का?"

"शेखसाहेब, चूक माझी होती. माफ करा. आजच तुम्हाला परत घेतो."

"अहो, काढलंत चौकात आणि माफी दुकानात? माझ्या जावयाने वाचलं ते. विचारत होता, अब्बा, तुम्ही असं काय लिहिलं होतं?"

माफी ग्रुपवरच मागायची ठरवून मी दुकानाच्या पायरीवर आलो. गौरीला फोन केला. ती म्हणाली, "'तांत्रिक कारणामुळे' असं लिहा. कोणी विचारणार नाही." मोह झाला, पण तेवढं एक खोटं मी आधीच पुरेसं वापरलं होतं.

शेखसाहेब त्याच दिवशी परत आले, ग्रुप आजही चालू आहे. मशीनला पुनरावृत्ती दिसते, ती कोणासाठी केली आहे हे माणसाने वाचावं लागतं. मी दुकानाच्या पायरीवर बसून लिहिलेला मजकूर अजून ग्रुपच्या सगळ्यात वर आहे.

'शेखसाहेबांचं काहीही चुकलं नव्हतं. मी त्यांचं लिखाण न वाचता त्यांना काढलं आणि सर्वांसमोर त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची मी सर्वांसमोरच माफी मागतो.'

खाली माझं पूर्ण नाव आहे.